पानाचा डबा, नऊ व्होल्ट

पितळ दिसलं की चिंच लावायची, हे मला कोणी शिकवलेलं नाही. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाच्या हाताला ते आपोआप येतं. समई असो, तांब्या असो, देव्हाऱ्यातली घंटा असो. चिंच-मीठ चोळायचं, भसाभस पाणी ओतायचं आणि गॅलरीत उपडं घालायचं. त्याच शिस्तीत एप्रिलमधल्या एका रविवारी मी माझ्या वडिलांचा पितळी डबा घासला. घासून लखलखीत झाल्यावर कौतुकाने कानाशी हलवला, तर आतून चुळूक चुळूक आवाज आला. तेव्हा मला आठवलं, की डबा पानाचा असला तरी गेली पन्नास वर्षं त्यात पान नाही, वायरी आहेत.

खुलासा करतो. माझे वडील, कैलासवासी कोंडीराम परब, मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात होते आणि संध्याकाळी आमच्या चाळीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्या काळी गिटारचा आवाज फाडून वाजवायची फॅशन आली होती. परदेशात त्यासाठी एक पेडल मिळायचं. गिटार आणि स्पीकरच्या मध्ये ते जोडायचं, पायाने दाबायचं, की सुरेल आवाज गुरगुरायला लागतो. घसा बसलेल्या माणसाने अगदी मनापासून गावं, तसा. ते विकत घ्यायची ऐपत चाळीत कोणाचीच नव्हती, म्हणून ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बनलं. आईच्या रुखवतात आलेल्या पितळी पानाच्या डब्यात. झाकणावर बटण, दोन कुशींना दोन भोकं आणि पोटात नऊ व्होल्टची बॅटरी.

बाबांची एक लकब होती. डब्यावर पाय ठेवण्याआधी ते हात जोडून खाली वाकायचे आणि मग बटण दाबायचे. दसऱ्याला डब्याची पूजा व्हायची, तेव्हा पूजेतल्या वस्तूला पाय लावायचा तर नमस्कार हवाच, असं आम्ही सगळे समजून होतो. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या वाजवण्यापेक्षा तो नमस्कारच जास्त आवडायचा.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. डबा माळ्यावर सुखाने पडला होता. तो खाली यायचं कारण आमचे शेजारी जगनकाका. चाळीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून दादरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता आणि त्याच्या मीटिंगमध्ये चिटणीस जयवंतरावांनी सहज बाबांच्या डब्याची आठवण काढली. त्यावर जगनकाका म्हणाले, "तो कसला घरी बनवलेला? बोटीवरचा माल होता तो. गोदीतनं कोणीतरी आणून दिलेला. वरनं पानाचा डबा घातला, झालं."

मी विमा कंपनीत सव्वीस वर्षं लोकांचे दावे तपासतो. पुराव्याशिवाय बोलणाऱ्या माणसाचा मला तिटकारा आहे. पण बापाला खोटारडा म्हटल्यावर मी पुराव्याशिवाय उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी डबा स्टेजवर वाजेल. माझी मुलगी वाजवेल. आणि नंतर सगळ्यांसमोर उघडून दाखवीन की तो माझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने बनवलाय." जयवंतरावांनी हे शब्दशः इतिवृत्तात लिहून घेतलं. आमच्या चाळीत इतिवृत्तात गेलेली गोष्ट माणूस मेला तरी त्याला सुटत नाही. माझी मुलगी स्पृहा उत्तम इलेक्ट्रिक गिटार वाजवते; तिला ही बातमी तिसऱ्या माणसाकडून कळली आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तर आता डब्यात चिंचेचं पाणी होतं आणि हातात पाच आठवडे होते. पाणी शिरल्याची बातमी पाण्यापेक्षा वेगाने तिन्ही मजल्यांवर पसरली. एकाने केस वाळवायचं मशीन आणून दिलं. एकाने सांगितलं, त्याचा मोबाईल मोरीत पडला होता, तांदळात ठेवला आणि अजून चालतोय. जगनकाका तर सहानुभूतीने दोनदा येऊन गेले. "फॉरिनचा माल असता तर पाणी शिरलं नसतं," ते म्हणाले. म्हणजे आता डबा घरचा ठरत होता, पण वाईट कारणासाठी.

माझी आई, रमाबाई, खिडकीशी बसून मेथी निवडत होती. ती म्हणाली, "तांदळात नको घालूस. भुकटी जाते आत. झाकण काढ आणि गॅसच्या बाजूला ठेव, उबेला."

"आई, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे," मी शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. "ह्याला उष्णता चालत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची काडी उचलली.

मी डबा तांदळात ठेवला. चौथ्या दिवशी काढला तेव्हा आतलं पाणी गेलं होतं आणि दोन सोंडे आले होते. गिटार जोडून पाहिली. डबा मुका.

मग मी लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका बोळात निमेश नावाचा गृहस्थ जुनी यंत्रं दुरुस्त करतो. त्याने झाकण उघडलं आणि दिवा जवळ ओढून आत वाकून पाहिलं. 

"काका, हे कोणी बनवलं?" त्याने विचारलं.

"माझ्या वडिलांनी."

"काय हात होता यार. वायरी बघा, दोऱ्याने बांधल्यात. गजऱ्यासारख्या गाठी, सगळ्या सेम अंतरावर. आता असं काम कोण करतच नाय."

त्या बोळात, लोकांचे धक्के खात, मी ताठ उभा राहिलो. वडिलांबद्दल अभिमान असतोच, पण तिसऱ्याच माणसाच्या तोंडून तो बाहेर पडला की त्याला वजन येतं. निमेशने चिंचेने गंजलेले जोड साफ केले, मग आतले दोन जुने ट्रान्झिस्टर काढून तपासायच्या मशीनवर लावले, मान हलवली आणि म्हणाला, "दोन्ही गळतात. करंट लीक होतो. हे तेव्हाच रिजेक्ट असणार, काका. नवे टाकतो." मी म्हटलं, टाका. वडिलांच्या कामात एक दोष सापडला तो आपण दूर करतोय, याचंही मला थोडं समाधान वाटलं.

घरी येऊन स्पृहाने गिटार जोडली, डबा दाबला आणि तार छेडली. आवाज आला. स्वच्छ, गोड, खणखणीत. गुरगुर नावाला नाही.

"बाबा, हा आता फक्त मोठा झालाय," स्पृहा म्हणाली. "फाटतच नाय."

आतून आईचा आवाज आला. "जुने कुठेत?"

"कुठले जुने?"

"काढलेले दोन."

"फेकले असतील त्याने. खराब होते, आई. गळत होते."

आईने गॅस बंद केला. भाजी अर्धी फोडणीत असताना आईने गॅस बंद केल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "जा आणि घेऊन ये," ती म्हणाली. शाळेत असताना मी एक चप्पल हरवून आलो होतो, तेव्हाचा हा आवाज. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

निमेशच्या दुकानाचा कचरा संध्याकाळी फुटपाथवर जातो. मी तो फुटपाथवरच गाठला. ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टात, उकिडवा बसून, चहाचे कप, वायरींचे तुकडे आणि केळीची सालं बाजूला करत मी ट्रान्झिस्टरच्या शेंगदाण्याएवढ्या दोन टोप्या शोधत होतो, तेव्हा आमचे ब्रँच मॅनेजर समोरून गेले. ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि हळुवारपणे विचारलं, "परब, घरी सगळं ठीक आहे ना?" खरं कारण सांगितलं असतं तर त्यांची काळजी आणखी वाढली असती, म्हणून मी ठीक आहे म्हणालो.

पण टोप्या सापडल्या. निमेशने त्या परत बसवल्या आणि आमच्या खोलीत, भर एप्रिलच्या उकाड्यात, डबा गुरगुरला. अकरा वर्षांनी. समोरच्या खोलीतलं तान्हं बाळ रडायला लागलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका म्हातारीने गॅलरीतून विचारलं, "कोंडीराम वाजवतोय काय रे?" मी पंख्याकडे बघत बसलो.

आता उरला हॉल. तिथल्या ऑफिसात शेफाली मॅडम म्हणून एक अतिशय शांत बाई आहेत. बाहेरून आणलेल्या प्रत्येक विद्युत उपकरणासाठी त्यांचा एक फॉर्म असतो, दोन प्रतींत.

"मॅडम, ह्यात फक्त नऊ व्होल्टची बॅटरी आहे," मी म्हणालो.

"नऊ असोत की नऊ हजार, फॉर्म एकच आहे," त्या म्हणाल्या.

मी लिहू लागलो. उत्पादकाचे नाव: कै. कोंडीराम परब. पत्ता: आमची खोली. परवाना क्रमांक या रकान्यात, काहीतरी हवं म्हणून, मी बाबांचा मिलमधला बिल्ला नंबर टाकला. ‘उत्पादन सध्या चालू आहे की बंद’ असाही एक रकाना होता. तिथे ‘बंद’ लिहिताना पेन जरा अडखळलं. शिवाय अधिकृत वायरमनचा दाखला हवा होता. आमच्या वायरमनने डबा उलटसुलट केला, अर्थिंग कुठे आहे विचारलं, नाही म्हटल्यावर दुःखी झाला, आणि अखेर लिहून दिलं: ‘सदर डबा हाताळला असता अर्जदारास अथवा मला शॉक बसला नाही.’ शेफाली मॅडमनी तो दाखला दोनदा वाचला आणि शिक्का मारला.

कार्यक्रमाचा दिवस आला. निघताना आईने शाल घेतली, पायमोजे घेतले आणि गुडघ्याला शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळून घेतली. मे महिन्यात. "ए.सी. असतो तिथे," ती म्हणाली. मी म्हटलं, आई, समारंभाला आपण पाहुणे म्हणून चाललोय, दवाखान्यात नाही. तिने पिशवी काखेत धरली आणि जिना उतरायला लागली.

हॉलचं पूर्ण भाडं भरलंय तर पूर्ण थंडावा वसूल करायचा, या विचाराने जयवंतरावांनी दुपारी बारापासून ए.सी. सोळावर लावून ठेवला होता. मी अकरालाच डबा नेऊन स्टेजवर ठेवला होता, म्हणजे नजरेसमोर राहील. साडेपाचला स्पृहाने तपासणीसाठी तो दाबला. डब्यातून ‘फुस्’ असा आवाज आला. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्, आणि मग तेही नाही. सहाला पडदा उघडणार होता. पहिला कार्यक्रम आमचाच.

मी बॅटरी बदलली. वायरी बदलल्या. स्क्रू काढून आत बोट घातलं, तेव्हा एक वायर सुटून माझ्या हातात आली. जगनकाका नवा सदरा घालून विंगेत उभे होते. ते वाईट मनाचे नाहीत, पण बोलल्याशिवाय राहवत नाही त्यांना. "बोटीवरचा माल एवढा टिकला हेच खूप, अजित," ते म्हणाले. मी हातातल्या सुट्या वायरीकडे बघत होतो. पडद्यापासून चार हातांवर माझ्या बापाचं नाव बुडत होतं आणि बुडवणारा मी होतो.

तेवढ्यात आई आली. पहिल्या रांगेतून उठून, पायमोज्यांसकट, स्टेजच्या पायऱ्या चढून.

"गारठलाय तो," ती म्हणाली. "दे इकडे."

ती तिथल्याच खुर्चीवर बसली, डबा मांडीत घेतला आणि साऊंडवाल्या मुलीला म्हणाली, "सोल्डर करायचं आहे ना गं तुझ्याकडे? आण जरा." मुलीने आणलं. आईने चष्मा नाकावर खाली घेतला, सुटलेली वायर जागेवर धरली आणि एका टेकवण्यात बसवली. फुंकर मारली. मग पर्समधला सुईदोऱ्याचा डबा काढून दोरा तोडला आणि वायरींभोवती गाठ मारली. एक, त्याच्यापुढे दुसरी, त्याच्यापुढे तिसरी, सगळ्या सारख्या अंतरावर. लहानपणापासून श्रावणात तिला गजरे करताना मी ह्याच गाठी मारताना पाहिलं होतं. निमेशच्या दुकानात त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला ओळखता आल्या नव्हत्या.

"आई," मी म्हणालो.

"मीच बनवलाय रे तो," ती म्हणाली. "परळला रेडिओच्या कारखान्यात होते ना मी. दिवसाला साठ-साठ बोर्डं जोडायचे."

आई माझ्या जन्माआधी ‘कुठेतरी पॅकिंगला’ होती, एवढंच मला माहीत होतं. कुठे, कसलं, ते कधी विचारलं नव्हतं.

"पण बाबा इलेक्ट्रिक खात्यात होते."

"बल्ब बदलायचे ते." तिने डब्याचं झाकण लावलं, गरम पिशवी त्याच्याखाली धरली आणि वरून शाल घेतली. "चांगला ट्रान्झिस्टर घातला की आवाज स्वच्छ येतो. त्यांना फाटका हवा होता. म्हणून कारखान्यातल्या रिजेक्टच्या टोपलीतले गळके आणले. गळक्याला ऊब लागते, नायतर तो झोपतो. ते वाजवायच्या आधी अर्धा तास डबा पोटाशी धरून बसायचे."

"मग सांगितलं का नाहीस? पन्नास वर्षं?"

"पहिल्याच कार्यक्रमाला ते माईकवर सांगायला निघाले होते. मीच नको म्हटलं. कारखान्यातला माल घरी नेला हे कळलं असतं तर नोकरी गेली असती माझी. मग कारखाना बंद पडला, तू झालास, राहून गेलं. आणि मागाहून माका कोणी इचारल्यान?"

गेले पाच आठवडे मी तिला इलेक्ट्रॉनिक्स समजावून सांगत होतो.

"निदान त्या नमस्काराचं तरी खरं आहे ना?" मी विचारलं. "दसऱ्याच्या पूजेचं?"

आई हसली. पिशवी जरा सरळ केली. "डब्याला कशाला करतील नमस्कार? मी पहिल्या रांगेत बसायचे. बोलता येत नव्हतं, म्हणून तेवढं करायचे. दरवेळी."

मी पन्नाशीला टेकलेला माणूस आहे आणि विंगेत उभं राहून मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. माझ्या बापाने लबाडी केली नव्हती. भरलेल्या मंडपांत, शेकडो लोकांदेखत, त्यांनी दरवेळी खरं तेच सांगितलं होतं. कळलं फक्त एका बाईला.

सहा वाजले. निवेदकाच्या हातात मीच लिहून दिलेला कागद होता. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग की. आता कोण नोकरीवरून काढणार मला?" मी निवेदकाचा माईक घेतला आणि म्हणालो, की इतिवृत्तात एक दुरुस्ती आहे. हा डबा कोंडीराम परबांनी बनवलेला नाही. तो रमाबाई परबांनी बनवलेला आहे. एवढं बोलायला मला बराच वेळ लागला.

डबा गरम पिशवीवर बसवून, टॉवेलात गुंडाळून स्टेजवर ठेवला. असं आजारी दिसणारं पेडल त्या हॉलने पाहिलं नसेल. स्पृहा गिटार घेऊन पुढे आली. तिने हात जोडले, पहिल्या रांगेकडे बघून वाकली आणि मगच पाय ठेवला. डबा गुरगुरला. सोळा डिग्रीत, जागेवर, खोलीत गुरगुरायचा त्याहून मोठ्याने. आई डोळे मिटून ऐकत होती, पण कौतुकाने नव्हे. कुठे काही चुकतंय का ते बघत होती. शेवटी तिने मान हलवली, म्हणजे माल पास झाला. टाळ्या थांबेनात तेव्हा मात्र ती पायमोजे सावरत उभी राहिली. नंतर डबा उघडून दाखवायला मी झाकणाला हात घातला, तर लोक म्हणाले, राहू दे, बाईंनाच बोलू दे.

जगनकाका मध्यंतरात मला येऊन भेटले. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले, "कोंडीरामने नाय बनवला तो."

दुसऱ्या दिवशी मी शेफाली मॅडमच्या टेबलाशी उभा होतो. फॉर्ममध्ये चूक झाली आहे, उत्पादकाचं नाव बदलायचं आहे, असं सांगितलं. कार्यक्रम होऊन गेला आहे, त्या शांतपणे म्हणाल्या, आता काय फरक पडतो? फरक पडतो, मी म्हणालो. त्यांनी कपाटातून दोन्ही प्रती काढल्या. "दुरुस्तीला स्वतः उत्पादकाची सही लागेल."

"आणलंय उत्पादकाला," मी म्हणालो.

बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली आई उठून टेबलाशी आली. तिने चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. बाबांचं नाव मी खोडलं होतं त्याच्या शेजारी, सावकाश, एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं: रमाबाई कोंडीराम परब. दोन्ही प्रतींवर सही केली. मग तिचं बोट एका रकान्यावर थांबलं.

"हे ‘बंद’ कोणी लिहिलं?" तिने विचारलं.

अक्षर माझं होतं.

तिने त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि पेन शेफाली मॅडमना परत दिलं. "ते आत्ता मोकळंच ठेवा," आई म्हणाली. "घरी जायच्या आधी लॅमिंग्टन रोडला जाऊन येते. गळका माल मिळतोय का बघते."